शरणपूर, राबाई आणि ‘पळून आलेली’ माणसे : पार्श्वभूमी

शरणपूर रोड माहीत नसलेला नाशिककर सापडणे कठीण. कॅनडा कॉर्नर, महापालिकेचे राजीव गांधी भवन, दवाखाने, दुकाने, संध्याकाळची वाहतूक. शरणपूर हे मुळात रस्त्याचे नाही, शहराबाहेरच्या एका छोट्या ख्रिस्ती वस्तीचे नाव होते. एकोणिसाव्या शतकात त्या वस्तीत आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेली आणि वाटेत समुद्रावर सोडवलेली मुले राहत होती. एवढे पुष्कळांना ठाऊक असते. स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेलेल्या ‘नाशिकच्या मुलां’ची गोष्टही अधूनमधून कुठे ना कुठे छापून येते.

पण ही गोष्ट नेहमी लिव्हिंगस्टनच्या मृतदेहापाशी येऊन थांबते, आणि मला ते खटकते. नाशिकला ज्यांना आसरा मिळाला त्यांतल्याच काही जणांनी पुढे आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या राबाई या गावी, मालकांकडून पळून आलेल्या शेकडो माणसांना आसरा दिला. वरिष्ठांचा हुकूम त्याविरुद्ध असताना दिला. त्यामुळे या टिपणात १८७५ ते १८८९ या काळाला जास्त जागा दिली आहे. आधीचा भाग थोडक्यात आटोपतो.

पूर्व आफ्रिकेतल्या आतल्या मुलखातून, विशेषतः न्यासा सरोवराच्या आसपास राहणाऱ्या याओ आणि इतर समाजांतून, माणसे पकडून किल्वा बंदरापर्यंत चालवत आणली जात. तिथून झांझिबार, आणि तिथून गलबतांनी अरबस्तान, इराणी आखात, काही प्रमाणात कच्छ-काठियावाड. झांझिबारचा जकातीचा मक्ता एका कच्छी पेढीकडे होता आणि या व्यापारात हिंदी सावकारांचा पैसा फिरत होता, हे विसरून चालणार नाही. आपल्या घरातही वेगळे काही नव्हते. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम स्त्रिया, यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. म्हणून ‘तिकडची’ गुलामगिरी आणि ‘इकडचा’ आसरा अशी सोयीची विभागणी इथे करता येत नाही.

१८४३ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या हिंदी मुलखात न्यायालयांनी गुलामगिरीचा हक्क मानणे बंद केले. १८६० च्या दंड संहितेने माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. समुद्रावर आरमाराची गस्ती जहाजे गुलाम वाहणारी गलबते पकडत. पकडलेल्या गलबतावरच्या माणसांना परत सोडायचे कुठे? किनाऱ्यावर सोडले तर आठवड्याभरात पुन्हा विकले जाणार. म्हणून त्यांतली बरीच मुंबईला उतरवली जात आणि पोलिसांच्या ताब्यात दिली जात. पोलीस त्यांची वाटणी करत. काही घरांत नोकर म्हणून, काही बंदरात कामाला, लहान मुले मिशनच्या संस्थांकडे. कागदोपत्री ही माणसे मुक्त होती. पण कुठे राहायचे, कुणाकडे राबायचे, काय शिकायचे, हे त्यांना कुणी विचारत नव्हते.

नाशिकला एका इंग्रज मिशनरी संस्थेचे काम १८३२ पासून सुरू होते. धर्मांतर केलेल्या माणसाला घरातून, जातीतून बाहेर काढले जाई. विहीर बंद, काम बंद. अशांसाठी गावाबाहेर पश्चिमेला १८५० च्या दशकाच्या मध्याला वसवलेली वस्ती म्हणजे शरणपूर. तिच्यामागचा मुख्य माणूस होता विल्यम सॉल्टर प्राइस. हे नाव लक्षात ठेवावे, ते शेवटपर्यंत येत राहणार आहे. पुढे १८६० च्या सुमाराला सोडवलेल्या आफ्रिकन मुलांसाठीचा आश्रम याच वस्तीत सुरू झाला.

शरणपूर या नावापाशी थोडे थांबायला हवे. मराठी बायबलमध्ये ‘शरणपुरे’ येतात. हातून नकळत मनुष्यवध झालेला माणूस ज्या नगरात पळून जाऊन सुडापासून वाचू शकतो, ती नगरे. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात पळून येणारा माणूस होता. पण आपल्या भाषेत ‘शरण’ हा शब्द दोन बाजूंनी चालतो. शरण देणे म्हणजे पाठीशी घालणे, आणि शरण येणे म्हणजे हार पत्करणे, पायाशी येणे. आश्रमातली मुले यांपैकी काहीच करत नव्हती. ती स्वतःहून पळून आली नव्हती आणि हरूनही आली नव्हती. त्यांना आणले गेले होते, असेच प्रत्येक मुलाविषयी, प्रत्येक मुलीविषयी म्हणावे लागते. आधी एकाने पकडून आणले, मग दुसऱ्याने सोडवून आणले. थळ घाटातून रेल्वे धावू लागली ती १८६५ मध्ये. त्याआधी आलेल्यांनी मुंबईहून नाशिकपर्यंतचा घाट जुन्या रस्त्यानेच चढला असणार. किल्वापर्यंतची पायपीट आठवणाऱ्या मुलांना हा आणखी एक डोंगर कसा वाटला असेल?

शरणपूरला सुतारकाम, लोहारकाम असे हातचे उद्योग शिकवत, लिहाय-वाचायला शिकवत, प्रार्थना असे. कानावर मराठी आणि हिंदुस्थानी पडे, शाळेत इंग्रजी. बाप्तिस्म्याबरोबर नवे नाव मिळे, आणि आडनाव बहुतेक कुणा मिशनऱ्याचे किंवा मदत करणाऱ्या साहेबाचे. म्हणून याद्यांमध्ये सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, केरस फरार अशी नावे दिसतात. प्राइस, आयझेनबर्ग, फरार हे तिघेही नाशिक-मुंबईकडचे मिशनरी होते. मूळ नावे बहुतेकांची गेली. एकाचे राहिले आहे. मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून जो ओळखला गेला, तो जन्माने याओ, आणि त्याच्या आईबापांनी ठेवलेले नाव होते चेंग्विंबे. हे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ तिथेच अडकलो होतो. एका आश्रमात किती चेंग्विंबे वेलिंग्टन झाले असतील!

लिव्हिंगस्टनचा भाग माहीत असलेलाच आहे, म्हणून दोन-तीन दुरुस्त्या तेवढ्या करतो. १८६६ मध्ये तो मुंबईहून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकचे नऊ जण होते. त्यांच्याविषयी त्याचे मत सगळीकडे चांगले नाही. दैनंदिनीत तक्रारीही आहेत. ‘विश्वासू सेवक’ हे चित्र नंतरचे. दुसरे, लिव्हिंगस्टनचे सोबती चुमा आणि सुसी या दोघांना पुष्कळ ठिकाणी नाशिककर ठरवले जाते. ते बरोबर नाही. चुमा मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत होता आणि त्याचा बाप्तिस्माही मुंबईतच झाला. सुसी मुंबईच्या गोदीत काम करत होता. तिसरे, १८७२ मध्ये लिव्हिंगस्टनकडे पाठवलेल्या दुसऱ्या तुकडीत नाशिकचे आणखी सहा जण होते. जेकब वेनराइट त्यांतला आणि वेलिंग्टनही त्यांतलाच.

१ मे १८७३ ला लिव्हिंगस्टन चितांबोच्या गावात वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचे काळीज तिथल्या एका झाडाखाली पुरले. वेनराइटने दफनविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. अक्षरे कोरायला लागणारी हत्यारे धरायची सवय आणि अक्षरांची ओळख, दोन्ही शरणपूरची. ते कोरलेले लाकूड पुढे कापून लंडनला नेण्यात आले. मृतदेह घेऊन ही मंडळी नऊ महिने चालत राहिली आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोला समुद्रावर पोहोचली. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता. तिथल्या दगडावर ‘विश्वासू हातांनी जमिनीवरून आणि समुद्रावरून आणले’ अशा अर्थाचा मजकूर आहे. हातांची नावे नाहीत.

‘नाशिकची मुले’ हा शब्दप्रयोगही तसाच. इंग्रजी कागदांत ही माणसे लग्न झाली, पोरेबाळे झाली, तरी ‘बॉइज’च राहिली. मराठीत आपणही ‘नाशिकची मुले’ म्हणतो, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दहा-बारा वर्षांची पोरे उभी राहतात. प्रत्यक्षात १८६४ मध्येच शरणपूरला शिकलेले विवाहित तरुण बायकोसह मोंबासाकडे पाठवले गेले होते. जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर ही त्यांतली पुढे महत्त्वाची ठरलेली नावे. त्यांना ज्या ठिकाणी पाठवले ते ठिकाण म्हणजे राबाई.

राबाई मोंबासापासून साधारण वीस किलोमीटर आत, टेकड्यांमध्ये. तिथे १८४६ पासून मिशनचे ठाणे होते. ते टिकवून धरणारा जर्मन मिशनरी म्हातारा झाला होता, त्याची दृष्टी जात चालली होती, आणि ठाण्यावर माणसे जेमतेम होती. तिथली रोजची कामे नाशिकहून आलेल्यांच्या हातात होती, हे नंतर घडलेल्या सगळ्याच्या मुळाशी आहे.

मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर १८७३ मध्ये झांझिबारला वाटाघाटींसाठी गेले. त्याच वर्षी सुलतानाने करार करून समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद केला आणि झांझिबारचा गुलामबाजार मिटला. आता आरमाराने सोडवलेली माणसे मुंबईला न्यायची गरज नव्हती. ती आफ्रिकेतच उतरवायची, तिथे त्यांची वसाहत करायची आणि ती चालवायला नाशिक-मुंबईचे शिकलेले आफ्रिकन आणायचे, अशी योजना ठरली. ती उभारायला शरणपूरचा प्राइसच निघाला. मोंबासा बेटासमोरच्या मुख्य भूमीवर जमीन घेतली आणि १८७५ मध्ये फ्रियरटाउन वसले. भारतातून सुमारे दीडशे आफ्रिकन तिकडे गेले. शरणपूरचा आफ्रिकन आश्रम त्याबरोबर संपल्यासारखाच झाला. फ्रियरटाउनला धोक्याची सूचना देण्यासाठी घंटा उभारली होती. त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलीत ‘केंगेले’ म्हणजे घंटा.

आता इथून पुढे तीन शब्द नीट वेगळे ठेवावे लागतात, कारण सगळा वाद त्यांच्यात अडकला आहे.

भारतातून आलेल्यांना किनाऱ्यावरचे लोक ‘वाबॉम्बे’ म्हणत, मुंबईवाले. त्यांचे कपडे वेगळे, बोलण्यात हिंदुस्थानी शब्द, हातात कसब, इंग्रजी येते, आणि आपण गोऱ्या मिशनऱ्यांपेक्षा कमी नाही असा ताठपणा. या ताठपणाविषयी मिशनच्या पत्रांत कुरकुर आहे. मला तो समजतो. पंधरा-वीस वर्षे प्रार्थनेत सगळे समान असे ऐकलेल्या माणसाने ते खरे मानले, यात त्याचा दोष काय?

दुसरा शब्द ‘मतेका’. आरमाराने गलबतावरून सोडवून थेट फ्रियरटाउनला उतरवलेली माणसे. एकट्या सप्टेंबर १८७५ मध्ये एका युद्धनौकेने अडीचशेहून अधिक अशी माणसे आणली. मतेका म्हणजे लढाईत हाती लागलेले. सोडवलेल्या माणसासाठी वापरात आलेला हा शब्द बंदिवानाचाच होता.

तिसरा शब्द ‘वातोरो’. पळून आलेले.

मतेका आणि वातोरो यांच्यात माणूस म्हणून काही फरक नव्हता. तोच याओ, तोच न्यासाकाठचा, त्याच किल्व्याच्या वाटेने आलेला. फरक होता कायद्यात. १८७३ च्या कराराने समुद्रावरचा व्यापार बंद झाला होता, गुलामगिरी नव्हे. मोंबासा, मालिंदी, सगळ्या किनारपट्टीवर गुलाम ठेवणे सुलतानाच्या राज्यात पूर्ण कायदेशीर होते आणि ब्रिटिशांनी ते मान्य केले होते. मालिंदीच्या शेतमळ्यांत हजारो माणसे राबत होती. म्हणजे एकाला गलबतावरून आरमाराने उचलले तर तो मुक्त, राणीच्या संरक्षणात, त्याला जमीन आणि शाळा. त्याचाच भाऊ गलबतातून निसटून मळ्यावर विकला गेला आणि दहा वर्षांनी रात्रीतून स्वतःच्या पायांनी पळाला, तर तो चोरीला गेलेला माल. पहिल्याला आसरा देणे हे पुण्याचे काम, दुसऱ्याला आसरा देणे हा मालकाच्या हक्कावर दरोडा. झांझिबारचा ब्रिटिश कॉन्सल, ज्याने गुलामांचा व्यापार मोडायला आयुष्य घालवले, तोही पळालेल्यांना ठेवून घेऊ नका असेच बजावत होता. मिशनच्या वरिष्ठांचे धोरणही हेच. त्यांची अडचण खोटी नव्हती. किनारा सुलतानाचा, मिशन पाहुणे, आणि मोंबासाचे मालक बंदुका घेऊन चालून आले असते तर वसाहतीतली बायकामुले मेली असती. १८८० मध्ये तशी वेळ जवळजवळ आलीच होती.

ही अडचण मान्य करूनही मला वाटते, की राबाईच्या नाशिककरांनी केले तेच योग्य होते. त्यांनी पळून आलेल्यांना परत पाठवले नाही. मिशनच्याच पुस्तकात, बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात, मालकापासून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला मालकाच्या हवाली करू नको, असे आहे. शरणपूरला शिकलेल्या कुणालाही हे वचन नवे नव्हते.

राबाई मिशनच्या जमिनीवर जवळपासच्या खेड्यांतून आलेल्या राबाई लोकांची घरे होती, आणि त्यांच्या शेजारी हळूहळू वातोरोंची घरे वाढत गेली. मका लावला, झोपड्या बांधल्या, प्रार्थनेला आले, नवे नाव घेतले. मालकाचा माणूस शोधत आला तर कुणाचे जुने नाव कुणाला ठाऊक? फक्त राबाईच नाही. उत्तरेला फुलादोयो येथे गिर्यामा समाजातल्या एका ख्रिस्ती माणसाने पळालेल्यांची स्वतंत्र वस्तीच उभी केली होती. तिच्यावर हल्ला झाला आणि १८८३ मध्ये तो माणूस मारला गेला. तिथून उठलेले लोक कुठे गेले असतील, हे सांगायला नको.

दुसरीकडे फ्रियरटाउनमध्ये वेगळेच चालले होते. तिथल्या गोऱ्या व्यवस्थापकाच्या कारभारात सोडवलेल्या माणसांना फटके मारले जात होते. वाबॉम्बे मंडळींनी तक्रारी केल्या, प्रकरण चौकशीपर्यंत गेले, आणि १८८१ मध्ये ते निस्तरायला प्राइसला दुसऱ्यांदा यावे लागले.

विल्यम जोन्सविषयी थोडे. १८८५ मध्ये त्याला आणि सेमलरला दीक्षा मिळाली, दोघे पाळक झाले. त्याच वर्षी नव्या बिशपबरोबर जोन्स युगांडाच्या वाटेला लागला. बिशप मोजकी माणसे घेऊन पुढे गेला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बुसोगात मारला गेला. मागे थांबलेल्या सगळ्या तांड्याची जबाबदारी जोन्सवर आली. दुष्काळी मुलखातून, उपाशी माणसे सांभाळत तो परत निघाला आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये राबाईला पोहोचला. तांड्यापुढे एक निळा झेंडा होता, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’ असे लिहिलेले. जुन्या करारातला शब्द, ‘वैभव गेले’. राबाईच्या बायका आपापली माणसे त्या रांगेत शोधत होत्या. लहानपणी पकडला गेलेला, नाशिकला वाढलेला हा माणूस दुसऱ्यांना जिवंत घरी घेऊन आला होता. राबाईत त्याचा शब्द का चालत होता, ते या एका दिवसावरून कळावे.

आणि मग १८८८.

१८८७ मध्ये सुलतानाने किनाऱ्याचा कारभार एका ब्रिटिश कंपनीला दिला. पुढच्या वर्षी कंपनीला सनद मिळाली. नेमक्या त्याच सुमारास, ऑगस्ट १८८८ मध्ये, दक्षिणेच्या किनाऱ्यावर जर्मन कंपनीविरुद्ध उठाव पेटला. मोंबासाला आलेल्या कंपनीच्या प्रमुखाला आपल्या वाट्याच्या किनाऱ्यावर तसेच होण्याची भीती होती. मोंबासाच्या मालकांनी त्याच्यापुढे पहिली तक्रार मांडली ती हीच. आमचे गुलाम मिशनच्या ठाण्यांत लपले आहेत, ते परत द्या.

प्राइस तेव्हा तिसऱ्यांदा आफ्रिकेत आला होता. मिशनची अधिकृत भूमिका अशी की आम्ही पळालेल्यांना ठेवत नाही. शोध घेतला तेव्हा राबाईतच शेकड्यांनी निघाले. आसपासच्या दुसऱ्या मिशनच्या ठाण्यांतले धरून आकडा चौदाशेवर गेला. बहुसंख्य राबाईचे. प्राइससाठी तो मोठा धक्का होता. शरणपूर वसवणाऱ्याला राबाईचे शरणपूर झालेले ठाऊक नव्हते, आणि ते केले होते त्याच्याच विद्यार्थ्यांनी.

आता काय करायचे? परत देणे म्हणजे चौदाशे माणसांना फटक्यांच्या तोंडी देणे, आणि लंडनमध्ये हाहाकार. न देणे म्हणजे मोंबासाचा किनारा पेटवणे. कंपनीच्या प्रमुखाने तिसरी वाट काढली. मालकांना भरपाई देऊन टाकायची. ब्रिटिश सरकार, कंपनी आणि मिशनचे देणगीदार, तिघांनी पैसा उभा केला. मालकांनी हक्क सोडले. १ जानेवारी १८८९ ला राबाईला जमलेल्या माणसांना एकेकाला बोलावून मुक्ततेचे कागद दिले गेले.

हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर तेव्हापासून वाद आहे आणि मला तो अजून संपलेला वाटत नाही. बाजूने बोलणारे म्हणतात, एकही गोळी न सुटता चौदाशे माणसे सुटली. खरे आहे. राबाईच्या माणसाला तत्त्वाची चर्चा नको होती, रात्री निर्धास्त झोप हवी होती, ती त्याला मिळाली. पण भरपाई म्हणजे मालकाचा हक्क मान्य करणे. ज्याला पळवून आणले, राबवले, त्याला काहीच नाही आणि ज्याने राबवले त्याला रोख रक्कम. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी उठवताना हेच केले होते. मळेवाल्यांना दोन कोटी पौंड, मळ्यावरच्यांना शून्य. राबाईत तेच छोट्या प्रमाणावर झाले. शिवाय सौद्याची दुसरी बाजू अशी की यापुढे मिशनने नवे वातोरो घ्यायचे नाहीत. म्हणजे १ जानेवारीच्या आधी पळालेला मुक्त, नंतर पळणाऱ्याला दार बंद. त्या वर्षी फेब्रुवारीत मालिंदीच्या मळ्यातून रात्री निघालेल्या बाईने राबाईची वाट धरली असेल तर तिला काय सांगितले गेले असेल, हा विचार मला सोडत नाही.

इतिहास सांगताना या प्रसंगाचे श्रेय बहुतेक वेळा कंपनीच्या प्रमुखाला जाते. पैसा त्याने उभा केला, हे मान्य. पण चौदाशे माणसे मिळाली कुठून? कुणीतरी आठ-दहा वर्षे, एकेका रात्री, दार उघडले म्हणून ती तिथे होती. ज्यांनी दार उघडले त्यांचा उल्लेख ‘हुकूम न पाळणारे’ म्हणून होतो. जोन्स आणि त्याच्या सोबत्यांनी हुकूम पाळला असता, तर १८८९ मध्ये मुक्ततेचा कागद द्यायला समोर कुणी उभेच नसते.

किनाऱ्यावरची गुलामगिरी त्यानंतरही चालू राहिली. झांझिबारात तिची कायदेशीर मान्यता १८९७ मध्ये काढून घेतली, मोंबासाच्या बाजूला त्यासाठी १९०७ उजाडावे लागले. मधल्या काळात पळालेल्यांचे काय करायचे, यावरून ब्रिटिश अधिकारी आणि मिशन यांच्यात पुन्हा भांडणे झाली, पण तोवर सूत्रे गोऱ्या मिशनऱ्यांच्या हातात गेली होती आणि नाशिकहून आलेली पिढी बाजूला पडत चालली होती.

शरणपूरला तोवर आफ्रिकन आश्रमाची फक्त आठवण उरली होती. वस्ती राहिली, चर्च राहिले, मराठी ख्रिस्ती कुटुंबे राहिली, मग शहर पसरत पसरत तिच्यावरून पुढे निघून गेले. राबाईला आज संग्रहालय आहे. लंडनला २००७ मध्ये या ‘मुंबईकर आफ्रिकनां’विषयी प्रदर्शन भरले, त्यानंतर अभ्यासकांचे लक्ष जरा वाढले.

मॅथ्यू वेलिंग्टन, म्हणजे चेंग्विंबे, सगळ्यांच्या मागे राहिला. लिव्हिंगस्टनचा मृतदेह वाहून आणलेल्यांपैकी तो एक, आणि राबाईचे कागद वाटले गेले त्यानंतरही सेहेचाळीस वर्षे जगला. १९३५ मध्ये मोंबासात वारला, तेव्हा शरणपूरला वाढलेल्या त्या तुकडीतले दुसरे क्वचितच कुणी उरले असेल.